प्रस्तुत लेखिका नापास

मोटार शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत, आणि हे नाव त्यांनी अठरा वर्षांच्या नोकरीत प्रामाणिकपणे कमावलं होतं. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शेजारी बसलेल्या शिक्षकानं तो दाबायचा. बाईंचा उजवा पाय या कामाला इतका सरावला होता, की घरी टीव्हीवर कुणाची गाडी जोरात वळली तरी तो आपोआप फरशीत रुतायचा. नवरा शेजारून म्हणायचा, “अगं, थांबली ती. सोड आता.”

बाई बोलायला लागल्या की ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली माणसं घास हातात धरून बसायची, कारण तोंडात घातला तर ठसका लागायची खात्री. ताई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, रोज फोनवर हे किस्से ऐकायची आणि रोज म्हणायची, “अगं, हे सगळं हवेत चाललंय. लिही की!” शेवटी ताईच्या मुलीनं एक ब्लॉग उघडून दिला आणि मावशीला बजावलं, “आता सबब नाही.”

बाई लिहायला बसल्या. पेन हातात आलं आणि त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. चार दिवसांनी पहिला लेख बाहेर पडला, ‘वाहनचालन : एक चिंतन’. सुरुवात अशी होती : ‘प्रस्तुत लेखिकेस या क्षेत्रात जवळपास दोन दशकांचा अनुभव असून, त्या अनुषंगाने काही विचार मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.’ त्याला चार वाचक मिळाले. नवरा, ताई, भाची आणि आणखी एक. हा चौथा कोण, या विचारानं बाई आठवडाभर हवेत होत्या. मग कळलं, की ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आपणच तो पुन्हा उघडून पाहिला होता.

ताईनं फोनवर भीड ठेवली नाही. “हे तू लिहिलंस? मला वाटलं वीज कंपनीचं पत्र आलं. आता पुरवठा तोडतात की काय!”

“लिहिताना जरा नीट लिहायला नको?” बाई घुश्शात म्हणाल्या.

“नीट लिही ना. पण तू लिही.”

हे ‘तू लिही’ म्हणजे नेमकं काय, ते बाईंच्या डोक्यात शिरेना. त्यांनी गाजलेले ब्लॉग वाचून काढले. त्यातली बरीच माणसं दुसऱ्यांची टर उडवत होती आणि वाचक टाळ्या पिटत होते. बाईंना वाटलं, एवढंच ना? आपल्याकडे तर टर उडवायला रोज नवा माणूस गाडीत येऊन बसतो.

त्या वेळी त्यांच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर शिकत होते. वय सदुसष्ट. सगळी हयात सायकलवर गेलेली. घरची गाडी कायम त्यांची बायको चालवायची. तिची नजर अधू झाली, डॉक्टरांनी तिला गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, आणि पोस्टमास्तर आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगसमोर बसले. ते अतिशय सावकाश चालवत. कडेला उभ्या असलेल्या गाड्यांनाही हात दाखवून ‘तुम्ही आधी’ म्हणत.

बाईंनी लिहिलं : ‘आमच्याकडे सध्या एक कासव येते. कासवाने जन्मभर इतरांची पत्रे पोचवली. स्वतः मात्र ते अजून चौकापर्यंत पोचलेले नाही.’ असंच आणखी दीड पान. दोन दिवसांत दोनशे माणसांनी वाचलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. बाईंना वाटलं, जमलं!

तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तर शिकवणीला आले, पण गाडीत बसले नाहीत. दाराशीच उभे राहिले.

“वाचलं मी,” ते म्हणाले. “म्हणजे बायकोला वाचून दाखवत होतो. तिला दिसत नाही ना आता, मीच सगळं वाचतो. निम्म्यात आल्यावर कळलं, कासव म्हणजे मीच. पण थांबणार कसं? ती म्हणाली, वाचा की पुढे.”

बाई घाईनं गाडीतून उतरल्या. “काका, मी…”

“छान लिहिलंय,” पोस्टमास्तर म्हणाले आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

बाईंनी लेख काढून टाकला. पण दोनशे माणसांच्या डोक्यातून तो कसा काढणार? लाजेनं त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी रविवारी सकाळी त्या पोस्टमास्तरांच्या घरी गेल्या. दार त्यांनीच उघडलं. खिडकीशी त्यांची बायको काळा चष्मा लावून बसली होती. बाईंनी उभ्या उभ्याच माफी मागून टाकली, कारण बसल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता.

पोस्टमास्तरांनी खुर्ची पुढे केली. बोलल्या त्या काकू. “लिहिलंत ते खोटं नाही हो. हे हळूच चालवतात. जेवतातही हळूच. पण मला एक सांगा, गाडीत तर दोघं बसता ना? मग त्या लेखात तुम्ही कुठे होतात?”

तो प्रश्न घेऊनच बाई दाराकडे वळल्या.

“उद्या येतो मी,” पोस्टमास्तर म्हणाले. “हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर परीक्षा पास व्हायला हवी.”

पुढचा दीड महिना दोघांनी कसून सराव केला. परीक्षेचा दिवस आला, आणि योगायोग असा, की त्याच दिवशी बाईंचीही परीक्षा होती. शिकवणाऱ्यांनाही दर पाच वर्षांनी गाडी चालवून दाखवावी लागे. बाईंनी ती डोळे मिटून देण्यासारखी गोष्ट मानली होती. परीक्षक म्हणजे एक उंच, कोरडा गृहस्थ. तो हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं आणि बोलायचाही फक्त रबरी शिक्क्यानं. म्हणून सगळे त्याला ‘शिक्का’च म्हणत.

आधी पोस्टमास्तरांचा नंबर लागला. ते इतके हळू गेले, की शिक्क्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. पण मैदानात मांडलेल्या प्लास्टिकच्या एकाही कोनाला, म्हणजे शंकूला, चाक लागलं नाही. पास!

मग बाई बसल्या. मैदानाच्या कडेला त्यांचे आजी-माजी मिळून आठ विद्यार्थी उभे. बाईंनी झोकात फेरी मारली, चढावर गाडी अलगद थांबवली आणि शेवटी कोनांमधून मागे घ्यायला सुरुवात केली. आणि तिथं अठरा वर्षांची सवय नडली. बाई मोठ्यानं म्हणाल्या, “हळू… छान… आता डावीकडे घ्या… डावीकडे…” सूचना अगदी बिनचूक होत्या. बाई त्या पाळल्या जाण्याची वाट बघत राहिल्या. “अहो, घ्या ना डावीकडे!” त्या ओरडल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गाडी चालवणारी व्यक्ती आपणच आहोत.

तोवर कोन गाडीखाली गेला होता. तो तिथं असा अडकला, की बाई फाटकापर्यंत त्याला फरफटत घेऊन गेल्या आणि तो सबंध वाटभर किंचाळत होता. शिक्क्यानं कागदावर शिक्का उमटवला. नापास.

पोस्टमास्तर लगबगीनं आले. “बाई, खाली काहीतरी आहे.”

“माझी अब्रू आहे,” बाई म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी वाकून कोन ओढून काढला आणि मग अदबीनं विचारलं, “परतीला मी घेऊ का चालवायला?”

परतीच्या वाटेवर बाई मान खाली घालून बसल्या होत्या. मोठा चौक आला, पार झाला, आणि पोस्टमास्तर समोर बघतच म्हणाले, “आज पोचलो बुवा चौकापर्यंत.” बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. मग दोघंही असे हसत सुटले, की पोस्टमास्तरांना गाडी बाजूला घ्यावी लागली. ती त्यांनी नियमाप्रमाणे हात दाखवूनच घेतली.

घरी आल्यावर बाईंनी ताईला फोन लावला. रडायचं ठरवून लावला होता, पण सांगता सांगता रंग चढला. ‘अहो, घ्या ना डावीकडे’ला आल्यावर पलीकडून फोन पडल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळानं ताई परत आली ती धापा टाकत.

“हे लिही! आत्ता! मला सांगितलंस ना, अगदी तस्संच. आणि ती प्रस्तुत लेखिका पुन्हा दिसली तर मी तिला मारीन.”

बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. वाक्य आधी मोठ्यानं म्हणायचं, आणि तोंडाला ओळखीचं लागलं तरच कागदावर उतरवायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिलं वाक्य उतरलं : ‘आज मी नापास झाले, आणि ज्यांना मी पास केलं ते सगळे बघायला आले होते.’ त्यांनी ते वाचलं. हा आपलाच आवाज! इतके दिवस कुठे दडून बसला होता हा? पुढची वाक्यं धक्काबुक्की करत आली. स्वतःच्या फजितीला त्यांनी मुळीच आवर घातला नाही. संध्याकाळपर्यंत लेख पुरा झाला.

तो कुठे टाकण्याआधी त्या पोस्टमास्तरांच्या घरी गेल्या आणि दोघांना वाचून दाखवला. काकूंना काळा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पोस्टमास्तरांची एकच तक्रार होती. “तुम्ही लिहिलंय, ‘काका हळू गेले’. मी ‘अतिशय हळू’ गेलो होतो. तेवढं दुरुस्त करा.”

लेख वणव्यासारखा पसरला. कुठकुठल्या माणसांची पत्रं आली. भूल देणाऱ्या एका डॉक्टरणीनं लिहिलं, की नवऱ्याला झोप लागत नसेल तर ती त्याला उलटे आकडे मोजायला लावते. एका शाळामास्तरांनी कबूल केलं, की त्यांनी घरी आलेल्या पाहुण्यांना दोन-दोनच्या रांगेत उभं केलं होतं. प्रत्येकजण आपापली फजिती घेऊन येत होता, जणू बाईंनी दार उघडं ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला तेव्हा मात्र बाईंनी तो बराच वेळ वाजू दिला. नापास झालेली शिक्षिका कोण ठेवणार?

“काय लिहून ठेवलंय तुम्ही?” मालक कडाडले. “सकाळपासून नऊ जण नाव नोंदवून गेले. सगळ्यांना तीच नापास झालेली बाई हवी! पास व्हा लवकर, माझ्या मागे लागलेत लोक!”

पंधरवड्यानं बाई पुन्हा मैदानावर गेल्या. या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटून गाडी मागे घेतली. पास! शिक्क्यानं शिक्का मारला, पण कागद हातात दिला नाही.

“तुमचा लेख वाचला,” तो म्हणाला. “कोन कितव्या क्रमांकाचा ते लिहिलेलं नाही. पाचवा होता. नोंद अचूक असावी.”

“दुरुस्त करते, साहेब.”

“माझ्या आईनं तीनदा वाचायला लावला.” त्याच्या ओठाचा डावा कोपरा हलला. हललाच, बाई शपथेवर सांगायला तयार होत्या. “पुढचा कधी टाकताय, असं विचारायला सांगितलंय तिनं.”

बाहेर बाकांवर परीक्षेला आलेले पंधरावीस जण पडलेल्या चेहऱ्यांनी बसले होते. एका मुलीनं बाईंकडे निरखून पाहिलं आणि ताडकन उठली. “तुम्ही त्या कोनवाल्या ना? अहो, आत जायच्या आधी एकदा सांगा ना, प्लीज. माझी बोबडी वळलीय.”

बाईंनी पर्स बाकावर ठेवली, पदर खोचल्यासारखा दुपट्टा मागे टाकला आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्या बाकावर हसू फुटलं, मग दुसऱ्या, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांत. खिडकी उघडून शिक्क्यानं “शांतता!” असं बजावलं, पण खिडकी पुन्हा लावून घ्यायचं मात्र तो विसरला. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि आवाज आणखी थोडा चढवला.