पहिला चेंडू साहेबांचा

चोरी फक्त पैशांचीच होते असं तुम्ही धरून चालता, म्हणून निर्धास्त असता. पण तुम्ही चोरता त्या दुपारी. माणसांच्या आख्ख्या दुपारी. गाव उन्हात बसवून ठेवता, पोरांना बूट बांधून ताटकळत उभं करता आणि स्वतः भलत्याच गावात भाजलेल्या डुकराच्या कुरकुरीत कातडीवर ताव मारत बसता. आल्यावर वर हसता. उशीर म्हणजे जणू तुमच्या अंगावरचा दागिना! तालिसायान गावची एक दुपार तुम्ही अशीच नेलीत. ती कुणाची होती हे तुम्हाला ठाऊकसुद्धा नाही.

ती प्रूदिंगची होती.

प्रूदिंग म्हणजे तालिसायानचा आवाज. बास्केटबॉल असो, कोंबड्यांची झुंज असो की कुणाच्या पोरीचं लग्न, माइक त्याच्याच हातात. भोंग्यातून बोलायला लागला की खाडीपलीकडच्या म्हाताऱ्यासुद्धा हसायच्या. घरात मात्र तोंडाला कुलूप. थोरल्या पोराशी, लेमुएलशी, त्याचं बोलणं 'जेवलास का' आणि 'दार लाव' यापलीकडे कधी गेलं नाही. पण लेमनं लांबून चेंडू जाळीत टाकला की हाच मुका बाप भोंग्यातून असा काही सुटायचा की त्याची बायको एदिथा चुलीवरचं कालवण ढवळता ढवळता थांबायची आणि म्हणायची, "बघा, आता आठवलं ह्यांना आपल्याला पोरगा आहे ते." बापाची माया ऐकायची तर लेमला मैदानात उतरावं लागे. दोघांनीही हे कधी एकमेकांना सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

आणि यंदा तालिसायान अंतिम सामन्यात होतं. सान विसेंते या संताच्या जत्रेचा दिवस, समोर शेजारचं बागाकाय. लेम त्याच संध्याकाळी सेबूच्या बोटीनं निघणार होता. तिथून मनिला, मनिलाहून तेलाच्या जहाजावर नोकरीला. परत कधी, ते कंपनी सांगेल. सामना होता भर दुपारी, जेवणं उरकली की लगेच. बोट होती उन्हं कलल्यावर. म्हणजे खेळायचं, अंगावर दोन तांबे पाणी घ्यायचं आणि निघायचं. लेमच्या नावानं अंतिम सामन्यात एकदा भोंगा दणाणावा, एवढंच प्रूदिंगला पाहिजे होतं. पोरगं ते कानात घेऊन समुद्रावर गेलं असतं.

पण पहिला चेंडू गव्हर्नरचा.

त्या बेटावर ही रीतच आहे. प्रांताचा निवडून आलेला गव्हर्नर येतो, नवा कोरा चेंडू खोक्यातून काढतो आणि जाळीच्या दिशेनं फेकतो. पडला नाही तर पुन्हा फेकतो. पडेपर्यंत फेकतो. लोक टाळ्या वाजवतात. मग तो दोन्ही बाजूंच्या पाच-पाच खेळाडूंशी हात मिळवतो, फोटो होतात, तो गाडीत बसून जातो आणि मग कुठं खेळ सुरू होतो. चेंडू त्याचा, भोंगा त्याचा, चषक त्याचा. दोन्ही संघांच्या बनियनवर छातीला त्याचा चेहरा आणि पाठीवर त्याचंच आडनाव. पोरांना आपले फक्त आकडे.

"मंडळी, आज मला फार सोपं काम आहे!" प्रूदिंग माइकवर सांगत होता. "गव्हर्नर चेंडू देतील गव्हर्नरला, गव्हर्नर ढकलतील गव्हर्नरला, आणि कुणीही हरलं तरी गव्हर्नरच जिंकतील!"

लोक हसले. पहिल्या तासात लोक हसतात.

मैदानावर छप्पर होतं, पण अर्धंच. तालिसायानची माणसं सावलीत बसली होती, बागाकायची पाहुणी मंडळी उन्हात. तळलेली केळी विकणारी नांग सालुद, म्हणजे सालुदताई, काठीला लावलेली केळी हलवत ओरडली, "ए प्रूदिंग, उरलेलं छप्पर कधी यायचं रे?"

"उरलेली मतं पडली की येईल, नांग!"

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. लांबून पांढरी गाडी आली, पुढं गव्हर्नरचा हसरा चेहरा, बाजूला ठळक नाव. काप्तान हेर्मो, म्हणजे गावचा प्रमुख, खुर्चीतून ताडकन उठला. बँडनं सुरुवात केली. छोट्या घागऱ्यातल्या पोरी काठ्या फिरवू लागल्या. हजारभर माणसं उठून उभी राहिली, कागदी झेंडे हलायला लागले, आणि प्रूदिंगनं पोटातून आवाज काढला, "आले! आपल्या प्रांताचे वडील, गोरगरिबांचा आधार, खेळाडूंचा कैवारी..."

गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला. घामानं भिजलेला. "अहो, मांडव जरा बाजूला घ्या ना! रस्त्यात ठोकलाय तुम्ही. पेशंट आहे माझ्याकडे."

ती रुग्णवाहिका होती. रुग्णवाहिकेवरही तोच चेहरा असतो. शाळेच्या दप्तरावर असतो, मयताच्या मांडवावर असतो, मग रुग्णवाहिकेनं काय पाप केलंय?

बँड एकेक वाद्य करत विरत गेला. सगळ्यात शेवटी झांजवाल्याला कळलं. लोकांनी खुर्च्या उचलल्या, मांडवाची दोरी सोडली. गाडी हळूहळू माणसांमधून जाऊ लागली तेव्हा मागच्या काचेतून आतली म्हातारी दिसली. नाकात नळी, पडल्या पडल्या बाहेर बघत होती. इतके झेंडे, इतका बँड बघून तिनं हात वर केला आणि अगदी पुढाऱ्यासारखा सावकाश हलवला.

मैदान हशानं फुटलं. टाळ्या, शिट्ट्या. "आजीला मत द्या!" बागाकायच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. "निदान वेळेवर तरी आली!"

प्रूदिंगही हसला. मग त्याची नजर खेळाडूंच्या बाकाकडे गेली. लेम हसत नव्हता. तो सूर्याकडे बघत होता.

उन्हं उतरायला लागली तसा लेम उठून काप्तानकडे गेला. बागाकायचा कर्णधारही त्याच्याबरोबर होता. सातव्या इयत्तेपासून दोघं एकमेकांना कोपरं मारत आले होते, पण आज एका तोंडानं बोलत होते.

"काप्तान, सुरू करू या," लेम म्हणाला. "पहिला डाव तरी. साहेब आले की थांबवू. जुना चेंडू आहे माझ्याकडे."

"आमची हरकत नाही," दुसरा म्हणाला. "ह्याची बोट आहे. ह्याच्याशिवाय ह्यांना हरवून आम्हाला काय मजा?"

काप्तान हेर्मोनं कपाळ पुसलं. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता. "पोरांनो, वर बघा. काय दिसतंय?"

"आभाळ."

"तेच ते. बागाकायनं दोन वर्षांमागं साहेबांशिवाय सामना सुरू केला. त्यांच्या छपराचे नुसते खांब अजून तसेच उभे आहेत, वर कावळे बसतात. विचार ह्याला."

बागाकायचा पोरगा खाली बघू लागला.

मग लेम बापाकडे आला. माइकच्या टेबलाशी उभा राहिला. चार लोकांत बापाशी बोलायची त्याला सवय नव्हती. "ताताय," तो हळू म्हणाला, "तुम्ही सांगा ना माइकवर. तुम्ही म्हणालात तर लोक ऐकतील. लोक ओरडले की काप्तानला करावंच लागेल."

खरंच होतं ते. प्रूदिंगनं नुसतं 'मंडळी, खेळायचं का?' विचारलं असतं तरी हजार गळ्यांनी हो म्हटलं असतं. त्यानं माइक तोंडाशी नेला. काप्तान लांबून त्याच्याकडे बघत होता, दोन्ही हात जोडून. प्रूदिंगच्या तोंडून आलं, "नांग सालुदची केळी संपत आलीत, मंडळी, त्वरा करा!"

आणि माइक बाजूला धरून तो लेमला म्हणाला, "थांब थोडं. येतीलच."

लेम 'बरं' म्हणाला. एवढंच. जाऊन बाकावर बसला, बूट पुन्हा घट्ट बांधले. पाय हलवत राहिला.

बागाकायच्या एका पोरीच्या फोनवर गव्हर्नर दिसायला लागला. स्वतःच्याच माणसांनी घातलेला व्हिडिओ, पलीकडच्या गावच्या जत्रेतला. समोर लांबलचक टेबल, मध्ये आख्खं भाजलेलं डुक्कर, गव्हर्नर कातडीचा तुकडा मोडून कॅमेऱ्याला दाखवतोय, मागं कुणीतरी गातंय. फोन या हातातून त्या हातात फिरला. उन्हातून सावलीत आला. कुणी शिवी दिली नाही. शिवी द्यायलाही अंगात जीव लागतो. बायका पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घेत, कडेवर झोपलेली पोरं सांभाळत बघत होत्या आणि फोन पुढं देत होत्या.

एदिथा लेमची बॅग घेऊन आली. "चल रे. मोटारसायकलवाला थांबलाय."

लेमनं बनियन काढलं, नीट घडी घालून बाकावर ठेवलं. कुणी न सांगता आपला साधा शर्ट चढवला. संघातल्या पोरांनी पाठीवर थापा मारल्या, बागाकायच्या कर्णधारानं मान हलवली. मग लेमनं बापाकडे बघितलं. प्रूदिंगनं माइक धरलेला हातच वर केला. खाली ठेवून जाता आलं असतं. माइक ठेवायचा, चार पावलं जायचं, पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा. पण काप्तान म्हणत होता, "गाड्या पुलापर्यंत आल्यात म्हणे, सोडू नको, सोडू नको!" आणि प्रूदिंग बोलत राहिला. काय बोलला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. लोक मात्र एका ठिकाणी हसले.

मोटारसायकल नारळाच्या झाडांआड गेली. गाड्या पुलापर्यंत आल्या नव्हत्या. बऱ्याच वेळानं धक्क्याकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. लांबलचक, जाड आवाज. एदिथा खुर्चीवर बसली होती ती तशीच बसून राहिली.

त्यानंतर गव्हर्नर आला.

चार काळ्या गाड्या, मागं मोटारसायकली. या वेळी खरा. बँड वाजला, पण पोरींच्या काठ्या मनापासून फिरेनात. लोक उभे राहिले, कारण उभं राहायचं असतं. गव्हर्नरनं हात हलवला, पोटावरून हात फिरवला. "माफ करा हं! काय करणार, सगळीकडे लेकरं माझी. मला बास्केटबॉल फार आवडतो!" टाळ्या झाल्या. पावसाचे चार थेंब पत्र्यावर पडून थांबावेत तशा.

खोकं फोडलं. चेंडू आला. गव्हर्नरनं बाह्या सरसावल्या आणि फेकला.

नेहमी चेंडू चुकला की प्रूदिंग सांभाळून घ्यायचा. 'वारा आडवा आला!' किंवा 'जाळीच लाजली!' असं काहीबाही. गेली कित्येक वर्षं त्यानं असे शेकडो चुकलेले चेंडू झाकले होते.

"नाही गेला," प्रूदिंग म्हणाला.

गव्हर्नर हसला. पुन्हा फेकला.

"नाही गेला."

भोंगे चारही कोपऱ्यांतून बोलले. काप्तान हेर्मोनं मान वळवून बघितलं. गव्हर्नर दोन पावलं पुढं सरकला, फेकला. चेंडू कडेला लागून बाहेर.

"हाही नाही."

"जेवून आलेत ना, हात जड झालाय!" नांग सालुद ओरडली. हशा पिकला. आणि मग उन्हातल्या बाजूनं, बागाकायकडून, 'बू' अशी एक खोल, लांबलचक हुर्यो उठली. रागाची नव्हती ती, दमलेल्या बैलाच्या हंबरण्यासारखी होती. सावलीतल्या तालिसायानकरांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं आणि त्यांनीही सूर धरला. ही दोन गावं आजवर एकमेकांच्या नावानंच ओरडली होती. आज पहिल्यांदा एका आवाजात ओरडली. वरचा पत्रा थरथरला.

अंगरक्षकांनी चष्मे सारखे केले. गव्हर्नर पार जाळीखाली गेला, टाचा उंचावल्या आणि एकदाचा चेंडू आत ढकलला. बँडनं घाईघाईनं वाजवलं.

"पोरांची नावं घे," काप्तान प्रूदिंगच्या कानाशी कुजबुजला. "पटापट. साहेबांना पुढं जायचंय. आणि प्रूदिंग... पाया पडतो तुझ्या."

प्रूदिंग नावं घेऊ लागला. गव्हर्नर रांगेतून हात मिळवत पुढं सरकू लागला, मागं फोटोवाला. बागाकायचे पाच झाले. तालिसायानचा चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर.

"सात नंबर," प्रूदिंग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात ते आलं जे आख्ख्या दुपारभर आलं नव्हतं. "सात नंबर, लेमुएल काबाहुग! लांबून मारतो, पडला तरी उठतो, आणि कधी कुणाला दोष देत नाही! माझा पोरगा!"

गव्हर्नरचा हात सवयीनं पुढं गेला होता. समोर कुणी नव्हतं. बाकावर घडी घातलेलं बनियन होतं. हात हवेत राहिला.

"कुठं गेला हा?" गव्हर्नरनं हसत काप्तानला विचारलं. "लाजला की काय?"

काप्तान हेर्मोचे डोळे भोंग्याच्या तारेकडे गेले, ती टेबलाखालून खांबाकडे जात होती; उपटली की आवाज बंद. प्रूदिंग माइक घेऊन उठला. तार ओढत, खेळाडूंच्या मधून चालत गव्हर्नरपुढं येऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओरडण्याएवढा जीव त्याच्यातही उरला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही काप्तानला विचारलंत. काप्तानला सांगता येणार नाही, त्याला छप्पर पाहिजे. मलाही सांगता आलं नाही, मी भेकड निघालो. भर दुपारपासून पोरगं बूट बांधून इथं बसलं होतं. न खेळता गेलं."

त्यानं माइक गव्हर्नरच्या तोंडासमोर धरला.

"ते का गेलं, हे तुम्ही सांगा. बोला साहेब. दोन्ही गावं ऐकतायत."