घरभेटीचे चाळीस प्रश्न

घरभेटीचा माझा अहवाल बाईंनी दुसऱ्यांदा परत केला. वर लाल पेनाने लिहिलं होतं, "प्रश्न चाळीस, उत्तरं सहा. पुन्हा जा. शेवटची संधी."

आमची शाळा म्हणजे छापखान्याच्या वरच्या तीन खोल्या, विद्यार्थी अकरा. परमुलखात जाऊन प्रभूचं काम करणारे मिशनरी इथे दोन वर्षांत तयार करतात. जायची ओढ आमच्या हिची. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. इथे पदवीशिवाय घेत नाहीत, म्हणून तिने मला टपालाने पदवी घ्यायला लावली. दोघांचा अर्जही तिनेच भरला. पहिलं वर्ष संपायच्या आत ती गेली. शाळेने अर्जावरचं तिचं नाव खोडलं आणि मला राहू दिलं. घरभेटीत पास झालो तर पाठवणार, नाहीतर घरी. तिचं जाणं राहून गेलं, निदान माझं तरी व्हावं, एवढंच मला हवं होतं.

घरभेट म्हणजे परक्या भाषेच्या घरात जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "पाहुणा बोलायला लागला की घर गप्प होतं," असं बाई म्हणायच्या.

माझ्या वाट्याला आलेलं घर आधीच गप्प होतं. एक म्हातारा शिंपी आणि त्याची सून. मी त्यांच्या भाषेत विचारायचो, "घरात निर्णय कोण घेतं?" म्हातारा सुईत दोरा ओवत म्हणायचा, "तुझ्या घरात कोण घेतं?" मी नियमाप्रमाणे हसून पुढच्या प्रश्नावर जायचो. सून तोंडाला पदर लावायची.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डोकं तापलेलंच होतं. सतरावा प्रश्न विचारला, "माणूस गेल्यावर घरचे काय करतात?"

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "तीनदा आलास, तिन्ही वेळा आमच्या चुलीपासून चपलांपर्यंत चौकशी. जनगणनेवाला तरी एकदाच येतो. तुझं कोण गेलंय?"

"ते सांगायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"शाळेने."

"राहू द्या हो मामंजी," सून म्हणाली. "शाळेतलं पोर आहे, मार बसेल त्याला."

माझं वय बावन्न. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं. बायको गेली, म्हणालो.

म्हाताऱ्याने माझ्या हातातला, त्यांच्याच भाषेतल्या प्रश्नांचा कागद ओढून सुनेकडे दिला. "एकेक वाच. आता हा सांगेल."

"घरात निर्णय कोण घेतं?" तिने वाचलं.

"ती."

"अजून?"

"अजून. नाहीतर मी इथे कशाला आलो असतो?"

"गेलेल्या माणसाच्या वस्तूंचं काय करतात?"

मी खिशातून तिचा चष्मा काढला. म्हाताऱ्याने तो सदऱ्याच्या टोकाने पुसून माझ्या हातात परत दिला. चाळीस प्रश्न झाले. सुनेने सगळी उत्तरं तिच्या लिपीत लिहिली. मी उठलो तसा म्हातारा म्हणाला, "माझ्या बायकोचं गुरुवारी सांगतो."

तोच कागद मी बाईंपुढे ठेवला. त्यांना ती लिपी येते.

"ही उत्तरं तुमची आहेत."

"हो."

"शिंप्याच्या घराबद्दल काय कळलं?"

"तो गुरुवारी सांगणार आहे."

"मुदत आज संपते. नियम तुम्हाला माहीत होता."

"बाई, तीन भेटींत तो आज पहिल्यांदा बोलला."

"अहवालात तसं कुठे आहे?"

चाळीसच्या चाळीस रकाने भरलेले होते आणि मी नापास. शनिवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. जिना उतरताना हिला काय सांगू, हेच सुचेना. तिने नियम पाळ म्हटलं असतं की कागद फाड म्हटलं असतं, तेही आता विचारता येत नाही.

गुरुवारी मनातल्या मनात बाईंशी भांडतच शिंप्याकडे गेलो. सुनेने दार उघडलं.

"आज किती प्रश्न?"

"एकही नाही."

"मग या," ती म्हणाली. "मामंजी सकाळपासून तुमची वाट बघतायत."