नावाड्याला साथ करणारा ऑर्गन

मी एक जुना ऑर्गन आहे. भजनाला वाजते ती हाताच्या भात्याची पेटी तुम्ही पाहिली असेल. मी तिचा थोरला भाऊ. माझ्यापुढे खुर्ची घेऊन बसायचे, दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हात सुरांवर मोकळे ठेवायचे. सध्या माझा मुक्काम हिंजवडीजवळच्या मारुंजीत, दीक्षाच्या भाड्याच्या खोलीत आहे. खालून दिवसभर कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न वाजवत जातात. त्यांचा एकमेकींशी सूर जुळत नाही, पण मित्रांनो, माझी तक्रार नाही. मला जी माणसे मिळाली, तशी फार थोड्या वाद्यांना मिळतात.

माझे लाकूड इथलेच, सागवानाचे. माझे सूर मात्र परदेशातून आले. सूर म्हणजे वारा लागला की थरथरणाऱ्या पितळेच्या बारीक पट्ट्या. संगीत नाटकांच्या एका कंपनीने मला घेतले आणि मी गावोगाव ट्रकमधून हिंडलो. टाळ्या नटांना मिळत. पण पडदा पडल्यावर एखादा रसिक आत डोकावून म्हणे, "आज ऑर्गन काय बोलला हो!" तेवढ्यावर मी पुढच्या गावापर्यंत खूश असे.

पुढे प्रेक्षक आटले आणि कंपनी बंद पडली. सामान वाटून टाकताना मालकांनी मला सुमनताईंच्या हवाली केले. सुमनताई त्याच कंपनीत लहानसहान भूमिका करत. त्यांनी कासारवाडीला स्टेशनजवळ गाण्याचा वर्ग काढला होता. लोणावळ्याची गाडी धडधडत गेली की आमची भिंत हलायची. ताई हात वर करून म्हणायच्या, "गाडी जाऊ दे. मग सा लाव." गाडी जायची आणि पोरे सा लावायची.

एके दिवशी धम्मरत्न आपल्या मुलीला, दीक्षाला, घेऊन वर्गात आले. ते मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत मोठ्या हॅमरवर कामाला होते. तापलेल्या लोखंडावर घण पडायचा आणि त्याचा आवाज दिवसभर कानात घुमायचा. जयंतीच्या दिवसांत ते गायन पार्टीत गात. त्यांचा आवाज इतका खोल होता की ते नुसते बोलले तरी माझे लाकूड हलके शहारायचे.

"ताई, माझ्याकडं नुसता आवाज हाय," ते म्हणाले. "शास्त्र न्हाई. हिला शास्त्र शिकवा."

दीक्षा शिकली. तिचे पाय भात्यापर्यंत पोचत नव्हते, तेव्हा ताई खाली बसून हाताने भाता हलवत. कॉलेजात गेल्यावर ती एकदा धापा टाकत वर्गात आली. कुठेतरी तिने चारशे वर्षांपूर्वीच्या इटलीतले गाणे ऐकले होते.

"ताई, त्यांच्याकडेही संगीत नाटक होतं! राजवाड्यात व्हायचं. पात्रं बोलता बोलता गायला लागतात. बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं, कळतच नाही!"

"मग आधी त्यांची भाषा शीक," ताई म्हणाल्या. "अर्थ कळल्याशिवाय पद म्हणायचं नसतं."

तिने ते मनावर घेतले. पुण्यात इटालियन शिकली, संगीतात एम. ए. झाली आणि शिष्यवृत्ती मिळवून थेट इटलीला गेली. इटालियन संगीत नाटकाची अगदी सुरुवातीची वर्षे हा तिचा अभ्यासाचा विषय ठरला. नातेवाईक धम्मरत्नांना विचारत, "इटलीच्या गाण्यावर पोट भरतं का?" ते म्हणत, "तिला जे ऐकू येतं ते आपल्याला येत न्हाई. जाऊ द्या तिला."

ती तिकडे असताना माझे बरे दिवस संपले. सुमनताईंचे गुडघे दुखू लागले, वर्ग बंद झाला. माझ्यावर चादर पडली. चादरीवर डबे आले, मग मिक्सरचे खोके. उंदरांनी माझा भाता कुरतडला. मला ताईंचा राग कधी आला नाही. त्या एकट्या होत्या, आणि झोपण्यापूर्वी चादरीवरून एक हात फिरवायला विसरत नसत.

दीक्षा डॉक्टरेट घेऊन परतली. पण नोकरी मिळेना. मुलाखतीत सगळे कौतुक करत आणि शेवटी म्हणत, "तुमचा विषय आपल्यापासून फार लांबचा आहे." अखेर तिने हिंजवडीच्या एका कंपनीत काम धरले. इटलीतल्या ग्राहकांशी फोनवर बोलायचे, त्यांच्या तक्रारी सोडवायच्या. कधी तिच्या तोंडून जुना दरबारी शब्द निसटायचा आणि पलीकडचा माणूस खदखदून हसायचा. हे ती ताईंना हसत सांगे. पण अभ्यासाची पुस्तके तिने खोक्यात भरून ठेवली होती.

त्याहून मोठे दुःख घरात होते. त्या घणाच्या आवाजाने धम्मरत्नांचे कान गेले होते. पूर्ण नाही, पण बारीक आवाज त्यांना येईनासे झाले होते. फोनची घंटी, चिमण्या, कुकरची शिट्टी, सगळे हरवले. मुलीचे गाणेही हरवले. ती गायची तेव्हा ते तिच्या ओठांकडे बघून मान हलवत, आणि मान भलत्याच जागी हलायची. गायन पार्टी त्यांनी सोडून दिली होती. "माझ्यामुळं सगळ्यांचा सूर जातो," म्हणायचे. चाकणजवळच्या कुरुळीच्या घरात ते गप्प बसून असत.

अशात सुमनताईंनी भाचीकडे साताऱ्याला जायचे ठरवले. मला एक हॉटेलवाला न्यायला तयार होता. तो म्हणाला, "आतलं सगळं काढून टाकू, वर काच बसवू. झकास काउंटर होईल." मी ते चादरीखालून ऐकले. ताईंना निरोप द्यायला आलेल्या दीक्षानेही ऐकले. तिने डबे उतरवले, चादर ओढली आणि फाटलेल्या भात्याकडे बघत उभी राहिली.

"तुझी खोली केवढी गं?" ताईंनी विचारले.

"पलंग काढला तर मावेल, ताई."

तिने खरोखरच पलंग काढला. ती जमिनीवर गादी टाकून झोपू लागली आणि तिच्या पलंगाच्या जागी मी आलो.

चिंचवडच्या रोहिदास मिस्त्रींनी मला उघडले. आयुष्यभर त्यांनी पेट्याच दुरुस्त केल्या होत्या. भात्याला नवे कापड लावून ते म्हणाले, "मॅडम, वरचे सूर बसलेत, त्यांना वेळ लागेल. खर्ज मात्र शाबूत आहे. आज तेवढाच वाजवून बघा."

त्या दिवशी धम्मरत्न मुलीला भेटायला आले होते. भिंतीला टेकून चहा पीत होते. दीक्षाने सहज मनात आले ते सूर धरले. ते तिच्या अभ्यासातल्या एका जुन्या नाटकातले होते. माझ्या पोटातून जाड, खरखरीत आवाज निघाला.

धम्मरत्नांनी कप खाली ठेवला.

"हे वाजतंय ना आत्ता?"

दीक्षाने वळून पाहिले.

"मला ऐकू येतंय," ते म्हणाले. "थांबू नको. वाजव."

ते उठले, जवळ आले आणि त्यांनी आपला रुंद, भाजल्याचे डाग असलेला तळवा माझ्या लाकडावर ठेवला. दीक्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तिचे पाय थांबले नाहीत. इतकी वर्षे मी वाजलो, मित्रांनो, पण आपण कशासाठी जन्मलो हे मला त्या सकाळी कळले.

"कसलं गाणं हाय हे?" त्यांनी विचारले.

दीक्षा त्यांच्या कानाशी वाकून सावकाश सांगू लागली. एका गायकाची बायको मरते. तो तिला आणायला पाताळात जातो. वाटेत नदी असते आणि नदीवरचा नावाडी त्याला अडवतो. त्या काळी पाताळातल्या अशा प्रसंगांना माझाच एक छोटा पूर्वज साथ करायचा. त्याचा खरखरीत आवाज ऐकणाऱ्याला भीती वाटावी म्हणून असतो, असे बहुतेक अभ्यासक मानत. दीक्षाचे मत वेगळे होते. तिला वाटे, भाता हलकाच मारला तर त्या आवाजात भीतीपेक्षा थकवा जास्त आहे.

"दमणारच की," धम्मरत्न म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांना पलीकडं सोडायचं आन् आपण तिथंच."

तिने पुस्तकांची खोकी उघडली. नावाड्याचे गाणे मराठीत आणले आणि वडिलांसमोर ठेवले. ते हादरले. "लोकांत माझं हसं करतीस का?"

"पप्पा, माझ्याकडं बघू नका. ऑर्गनला हात लावून उभं राहा आणि गा."

रविवारी सकाळी तालीम व्हायची. मी वरच्या सुरात गेलो की ते भरकटत, म्हणून दीक्षाने त्यांच्यासाठी सारी साथ खर्जात बांधली. हळूहळू तो जुना आवाज परत आला. शेजारची माणसे दार उघडे ठेवू लागली.

मग चिंचवडच्या एका छोट्या सभागृहात प्रयोग ठरला. दीक्षाच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या, गायन पार्टीतले जुने सवंगडी आले. भाचीच्या गाडीतून सुमनताईही आल्या. धम्मरत्नांनी माझ्यावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि सवंगड्यांना राहवले नाही. "वा भावा, वा!" म्हणत त्यांनी जोरात टाळ्या धरल्या. त्या कल्लोळात माझा आवाज बुडाला. धम्मरत्न थांबले. सूर हातून सुटला होता. हात माझ्यावरून निघाला आणि ते आत जायला वळले.

दीक्षाने पुढचे काहीच वाजवले नाही. एकच खालचा सूर धरून ती भाता मारत राहिली. मीही माझा सगळा श्वास त्या सुरात ओतला. टाळ्या विरल्या. सभागृहात फक्त तो सूर उरला. धम्मरत्नांनी मान वळवली, परत आले आणि या वेळी दोन्ही तळवे माझ्यावर टेकवले. मग गाण्याच्या शेवटापर्यंत ते कुठेही हलले नाहीत.

"बरोबर होतं का?" त्यांनी विचारले. दीक्षा भाता सोडून उठली. तिने त्यांचे हात धरले. पहिल्या रांगेतून सुमनताई मोठ्याने म्हणाल्या, "धम्मरत्नभाऊ, शास्त्र आलं हो!"

त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आणि आपला निबंध दीक्षाने इटलीला पाठवला. नावाड्याच्या थकव्याबद्दलचे तिचे म्हणणे सगळ्यांना पटले असे नाही. वाद झाले, अजून चालू आहेत. पण वाद झाला म्हणूनच लोकांनी तिचे नाव लक्षात ठेवले. पुण्याच्या एका महाविद्यालयात तिला शिकवायला बोलावले. फोनवरची नोकरी तिने सोडली. धम्मरत्नांच्या कानात आता यंत्र आहे आणि गायन पार्टीत त्यांची जागा पुन्हा त्यांची झाली आहे.

मित्रांनो, मला चादरीखालून काढणाऱ्या प्रत्येक हाताचा मी ऋणी आहे. तुमच्या घरीही एखादे वाद्य झाकून ठेवलेले असेल, तर ते उघडा. आणि घरातले कोणी म्हातारपणी गप्प झाले असेल, तर त्याला काही ऐकायचे नाही असे समजू नका. त्याला कोणता सूर पोचतो, ते शोधत राहा.

परवा दीक्षाला इटलीहून परिषदेचे बोलावणे आले. वडिलांनाही घेऊन जायचे तिच्या मनात आहे. मला फडक्याने पुसता पुसता धम्मरत्नांनी विचारले, "तिकडं असे जुने ऑर्गन असतील का गं?"

"असतात ना, पप्पा. संग्रहालयात, काचेच्या कपाटात. हात लावू देत नाहीत."

त्यांचे फडके थांबले. "हात लावू देत न्हाईत?" ते कळवळून म्हणाले. "मग बिचारे वाजायचे कसे?"