स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचं घड्याळ

कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या दोन ओळी यायच्या. वरची बाबांची, पासपोर्ट फोटोंच्या कामाची. खालची त्यांच्या लेकीची. कॉलेजात असताना तिनं ही दुसरी सिस्टिम स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर टाकली होती, अर्थातच न विचारता. या दोन सिस्टिमचं घड्याळाच्या बाबतीत मात्र कधी जमलं नाही. लेक खालची वापरून उठली, की वरचीचं घड्याळ काही तास मागे! मग सकाळी फोटो काढून घेणाऱ्याच्या पावतीवर 'फोटो पहाटे पाचला न्या' असं छापलं जायचं.

"घड्याळ कुणी बिघडवलं?" बाबा जिन्यातून वर घराकडे तोंड करून ओरडायचे.

"आले बाबा, दोन मिनिटांत लावून देते!"

दिवसाआड हा तमाशा ठरलेला.

पुढे स्टुडिओ कोण सांभाळणार यावरून दोघांचं चांगलंच वाजलं आणि ती दूरच्या नोकरीवर निघून गेली. तेव्हापासून चार वर्षं ते मेलं घड्याळ मिनिटभरही चुकलं नव्हतं. बाबांना त्याचा वीट आला होता, पण सांगणार कुणाला? लेक फोन करायची तो आईला.

आता ती दोन दिवसांसाठी आली होती. बापलेक दोघंही हट्टी. जेवताना 'मीठ दे'च्या पुढे गाडी सरकली नाही. सोमवारी दुपारी ती परत निघणार होती आणि त्याच सकाळी कॉम्प्युटरवाला आला. फोटो ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून खालची सिस्टिम उडवायची, असं बाबांनी मन घट्ट करून ठरवलं होतं.

कॉम्प्युटरवाल्यानं मशीन सुरू केलं आणि तो हसला. "काका, दहा वाजलेत आणि हे अजून पहाटच दाखवतंय. आतला सेल गेला वाटतं. बदलू?"

काल बाबा दिवसभर एका लग्नात फोटो काढत होते. स्टुडिओची किल्ली घरात खुंटीवर होती.

"कशालाच हात लावू नकोस," बाबा म्हणाले. मग जिन्याशी गेले आणि पूर्वीच्याच पट्टीत ओरडले, "घड्याळ कुणी बिघडवलं?"

वर बॅगेची चेन ओढायचा आवाज थांबला. मग पायऱ्यांवर धडाधड पावलं वाजली.

"आले बाबा, दोन मिनिटांत लावून देते!"

"दोन मिनिटांत नको," बाबा म्हणाले. "सावकाश लाव."