अनधिकृत ताक

शोभना बोकारेने सायकल क्लबच्या नियमांची ती अकरा पानं तीनदा वाचली होती, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलेल्या बाईला नियम वाचताना जो आनंद होतो, तो इतरांना रहस्यकथा वाचताना होत असावा. सहाव्या आणि नवव्या पानावरची दोन कलमं एकमेकांच्या विरोधात जात होती. तिने तसं क्लबला कळवलं. क्लबने आभार मानून सुधारित प्रत पाठवली. ती तिने चौथ्यांदा वाचली.

क्लब म्हणजे मुख्यतः क्लाइव्ह. मूळचा इंग्लंडमधल्या डेव्हनचा, भूगोलाचा निवृत्त मास्तर. पस्तीस वर्षं न्यू जर्सीत राहूनही तो मनाने तिकडच्याच कुठल्यातरी अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या झुडपांमधून चढत असायचा. राज्याच्या पश्चिमेकडच्या टेकड्या, दगडी कुंपणं आणि मेंढ्या पाहून त्याला घरची आठवण यायची, आणि ती तो दर वर्षी मे महिन्यात दुसऱ्यांच्या मांड्यांतून वसूल करायचा. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. वाटेत चार कंट्रोल, म्हणजे थांबून कार्डावर शिक्का घ्यायच्या जागा. वेळेत आलात तर जुलैमध्ये डेव्हनला होणाऱ्या तीनशे किलोमीटरच्या राइडमध्ये नाव घालता येतं. नाही आलात तर क्लाइव्ह चहा पाजतो आणि हवामानाबद्दल बोलतो.

शोभनाला डेव्हनला जायचं होतं. नावनोंदणी सोमवारी बंद होणार होती आणि हा होता शनिवार. आणि तिला एकटीने जायचं होतं.

हे एकटीनेचं प्रकरण जरा नाजूक होतं. तिचा नवरा मनोहर प्रोग्रॅम मॅनेजर होता, ऑफिसात आणि घरातही. सत्तावीस वर्षांच्या ओळखीत त्याने एक्सेल शीट न करता केलेला एकमेव प्रवास म्हणजे तिला बघायला नागपूरला आला होता तो, आणि त्याचंही शीट नसेलच याची तिला खात्री नव्हती. माणूस प्रेमळ. पण त्याचं प्रेम नेहमी पुढच्या वळणावर उभं असायचं, छत्री, स्वेटर आणि पर्यायी मार्ग घेऊन. आपण एखादी गोष्ट त्याच्याविना पार पाडली तर ती कशी दिसते, हे शोभनाला त्रेपन्नाव्या वर्षी एकदा बघायचं होतं. टेस्टिंगच्या भाषेत सांगायचं तर हा भाग आजवर कुणी तपासलाच नव्हता.

"तू फक्त कंट्रोलवर ये," तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. "मध्ये कुठेही मदत चालत नाही. कलम सात."

"येतो ना," मनोहर म्हणाला. या वाक्यातलं 'ये' एवढंच त्याच्या कानात शिरलं होतं.

सकाळी सहाला बावीस जण निघाले. शोभनाच्या हिशोबाने ती संध्याकाळी सव्वासातला परत यायची, मर्यादेच्या पंधरा मिनिटं आधी. ती नागपूरची. तिथे कॉलेजला जाताना चढ म्हणून जो काय लागायचा तो रेल्वेच्या उड्डाणपुलाचा. खरी टेकडी तिने पन्नाशीत न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला पाहिली आणि पहिल्या दिवशी सायकल हातात धरून चढली. पण नंतरच्या तीन वर्षांत तिला एक शोध लागला होता: टेकडीला आपल्याबद्दल काहीही मत नसतं. नातेवाइकांच्या तुलनेत ही फारच मोकळी सोबत होती. लहान गिअर टाकायचा, श्वास मोजायचा आणि वर जायचं. तरुण पोरं तिच्या शेजारून सुसाट पुढे जायची आणि तासाभराने रस्त्याच्या कडेला एनर्जी जेलची पाकिटं चोखत बसलेली दिसायची. ती त्यांना हात करून पुढे जायची.

पहिले दोन कंट्रोल ठरल्या वेळेला झाले. ब्याण्णवाव्या किलोमीटरला, क्लाइव्हने घरच्या माळरानावरून 'धाकटं डार्टमूर' असं नाव ठेवलेल्या चढाच्या माथ्यावर, एका मेपलच्या सावलीत तिला आपली गाडी दिसली. डिकी उघडी, बाहेर दोन खुर्च्या. एका खुर्चीत जगन्नाथकाका, मनोहरचे काका, सहा महिन्यांसाठी अकोल्याहून आलेले. आणि रस्त्याच्या कडेला मनोहर, हातात स्टीलचा ग्लास धरून.

बाहेरून घाम आलेला ग्लास. ताक.

पुढे काय झालं याचं शोभनाला नंतरही नीट स्पष्टीकरण देता आलं नाही. चार वेळा वाचलेलं कलम सात त्या क्षणी डोक्यात हजर नव्हतं असंही नाही. पण मदत म्हणजे पंक्चर काढणं, ढकलणं, गाडीत बसवणं. ताक म्हणजे ताक. पुढे केलेला ग्लास घ्यायचा असतो, हे तिचा हात शाळेत जायच्या आधीपासून शिकलेला होता. हात गेला, घोट गेला, जिरं लागलं, हिंग लागला, आणि ग्लास परत मनोहरच्या हातात गेला तेव्हा तिच्या मागून ब्रेक वाजले.

"मावशी," सिया म्हणाली, "दॅट वॉज सपोर्ट."

सिया त्या बावीस जणांतलीच, सव्वीस वर्षांची, तिथल्याच एडिसनमध्ये वाढलेली, फिजिओथेरपिस्ट. मराठी तिला आजीकडून आली होती, त्यामुळे ती बोलली की एकदम वडीलधारी वाटायची.

"ताक होतं गं," शोभना म्हणाली. म्हणता म्हणता तिला आपलं वाक्य ऐकू आलं.

"आय नो. पण कंट्रोल नाही ना इथे? फर्स्ट टाइम थर्टी मिनिट्स पेनल्टी. सेकंड टाइम यू आर आउट." मग जरा थांबून, "मी काही पाहिलं नाही, बरं का. गप्प बसते."

"गप्प कशाला बसतेस? मी सांगणार आहे क्लाइव्हला."

"सीरियसली?"

"अगं, सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहून काढल्यात मी. स्वतःची दडवली तर झोप लागेल का?"

हिशोब सोपा होता. सव्वासात अधिक अर्धा तास म्हणजे पावणेआठ. मर्यादा साडेसात. आता सात वाजायच्या आत पोचायला हवं होतं. एकशेआठ किलोमीटर आणि चौदा टेकड्यांत पंधरा मिनिटं कमवायची. शोभनाने घड्याळ बघितलं, एक गिअर बदलला, आणि तिला जरा बरंच वाटलं. डेडलाइन अलीकडे आल्याशिवाय तिला कधीच नीट काम करता आलं नव्हतं.

अडचण टेकड्यांची नव्हती. अडचण तीन किलोमीटरवर पुढच्या वळणावर उभी होती. तिचं लाइव्ह लोकेशन मनोहरच्या फोनवर दिसत होतं आणि गाडी तिला ओलांडून आधीच पोचली होती. या वेळी काकांच्या हातात डबा होता.

"शोभना, लाडू! डिंकाचे!"

"नको, काका!" ती न थांबता ओरडली.

आता अकोल्यात काय किंवा पार्सिपनीत काय, पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणाला की त्याचा अर्थ यजमानाने नीट आग्रह केला नाही, इतकाच होतो. काका लगबगीने गाडीत बसले. मिनिटभरात गाडी तिच्या शेजारून चालू लागली, खिडकीतून हात बाहेर, हातात लाडू.

"अगं एक घे!"

"नको म्हणतेय ना!"

"बरं, अर्धा!"

"काका, हात आत घ्या!"

"संकोच कसला त्यात? घरचाच आहे!"

पलीकडच्या कुरणात एक घोडा चरायचा थांबून हे बघत होता. मागून सिया इतकी हसत होती की तिची सायकल नागमोडी चालली होती. "मावशी, डोंट टच इट!" ती ओरडली. "हात नुसता लागला तरी आउट!" असं कलमात नव्हतं. पण शोभनाने दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले, कारण उजव्या हातावर तिचा आता भरवसा राहिला नव्हता.

ती थांबली. पाय टेकला. गाडीही थांबली. ही दोन मिनिटं खर्च करावी लागणार, हे तिने मनात लिहून ठेवलं.

"मनोहर, इंजिन बंद कर आणि ऐक. मघाच्या ताकाने मला अर्ध्या तासाची पेनल्टी लागलीये. हा लाडू घेतला तर मी बाद. डेव्हन संपलं."

मनोहरचा चेहरा उतरला. "ताकाची पेनल्टी? असं कोणी करतं का? मी क्लाइव्हशी बोलतो. एस्कलेट करू."

"कोणाकडे?"

"त्याच्या वर कोण आहे?"

"कोणी नाही. अरे, तुझ्या ऑफिसात सांगतोस ना, ज्याने ठरवलं नाही त्याने कामात भर घालायची नाही? मग? या प्रोजेक्टमध्ये तुला पाणी, केळी आणि ताक द्यायला चार जागा दिल्या होत्या. पाचवी तू परस्पर वाढवलीस. ही सहावी."

मनोहरने आता इंजिन बंद केलं. बायको रागावली तर तो समजूत घालायचा, रडली तर चहा करायचा, पण स्कोपवर, म्हणजे ठरलेल्या कामाच्या हद्दीवर, बोट ठेवलं की तो ऐकायचा.

"पण तुला चक्कर आली तर?"

"तर मी फोन करीन. सिया आहे. रस्ता आहे. माझे पाय आहेत."

मग तिने फोन काढला आणि लोकेशन शेअरिंग बंद केलं. मनोहरच्या हातातल्या फोनवरचा निळा ठिपका गेला. त्याने फोन हलवून पाहिला.

"हे काय केलंस?"

"आता तू थेट शेवटालाच ये. भेटते सातच्या आत."

मागे वळून बघायचा मोह तिला झाला. पण समोर चढ होता, आणि चढावर मागे बघणारा पडतो.

पुढचे साडेसहा तास शोभनाने ज्या रीतीने सायकल चालवली, त्याबद्दल सिया नंतर बरेच दिवस लोकांना सांगत होती. शोभनाच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ती उतारावर ब्रेक कमी मारत गेली. तिसऱ्या कंट्रोलला शिक्का, पाणी, दोन मिठाचे बटाटे, सहा मिनिटं. चौथ्याला चार. एकशेसत्तराव्या किलोमीटरला डाव्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली. स्टेटस मीटिंगमध्ये जी माणसं बोलायचंच म्हणून बोलतात त्यांच्याइतकंच लक्ष तिने त्याच्याकडे दिलं. एका चढाच्या मध्यावर रस्ता भिंतीसारखा उभा राहिला आणि सिया उतरली. "यू गो, मावशी, मी येते," ती धापा टाकत म्हणाली. शोभना वर गेली. वर कोणी नव्हतं. गाडी नाही, खुर्ची नाही, ग्लास नाही. नुसती हिरवी टेकडी, मग दुसरी, मग तिसरी, आणि वारा. तिला वाटलं होतं, इथे जरा एकटं वाटेल. वाटलं ते इतकंच की घसा कोरडा पडलाय आणि बाटली आपल्याच सायकलला आहे. ती प्यायली आणि निघाली.

सकाळी जिथून निघाली त्या क्लाइव्हच्या लाल कोठाराच्या आवारात ती शिरली तेव्हा घड्याळात सहा छप्पन्न झाले होते.

क्लाइव्हने कार्ड घेतलं, वेळ लिहिली आणि सगळ्यांना विचारायचा तो प्रश्न विचारला: कंट्रोलबाहेर काही मदत घेतली का?

"घेतली," शोभना म्हणाली. "एकदा. ब्याण्णवाव्या किलोमीटरला. धाकट्या डार्टमूरवर."

"सर," मनोहर मध्ये घुसला, "चूक माझी आहे. तिने मागितलं नव्हतं. पाव लिटर ताक होतं, बस."

क्लाइव्हने पेन वर धरलं. ताक म्हणजे काय, असं त्याने गंभीरपणे विचारलं. मनोहरने सांगितलं: दही, पाणी, मीठ, जिरं, हिंग.

हिंग उत्तेजक द्रव्यात मोडतं का, क्लाइव्हने विचारलं.

"नाही," शोभना म्हणाली. "गॅसेससाठी असतं."

क्लाइव्हने तेही लिहून घेतलं. चार वर्षांत आपणहून गुन्हा कबूल करणारी ती पहिलीच, असं म्हणत त्याने छप्पन्नमध्ये तीस मिळवले, पुन्हा एकदा मिळवून पाहिले आणि कार्डावर शेवटचा शिक्का मारला. सात सव्वीस. मर्यादेत. सोमवारच्या आत नाव पाठवा, आणि पावसाचं जाकीट घ्या, आमच्याकडे जुलै हा महिना नसून अफवा आहे, असं तो म्हणाला.

बाकावर बसून शोभना बूट काढत होती. मनोहर तिच्यासमोर उभा होता. दुपारपासून त्याच्या हातात काहीच नव्हतं आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"साडेसहा तास मला माहीत नव्हतं तू कुठे आहेस," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," शोभना म्हणाली.

 तो शेजारी बसला.

"डेव्हनचं तिकीट... एकच ना?"

"एकच."

"विंडो की आइल? आणि लंडनहून पुढे ट्रेन घेतलीस तर सायकल..."

"मनोहर."

"नाही, मी नुसतं विचारतोय."

"ते मी बघते," शोभना म्हणाली आणि दुसरा बूट काढायला वाकली.