भरल्या विहिरीतली मोजपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी मोजपट्टी आहे. वणीजवळच्या एका गावात, विहिरीच्या आतल्या भिंतीला ठोकलेली. माझ्या अंगावर फुटांचे लाल आकडे आहेत.

यवतमाळच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा मी फार ऐटीत होते. एकोणीसशे अठ्ठावन्न साली इथे आले. विहिरीजवळच्या या वस्तीने नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता. गावच्या विहिरीवर त्यांना कोणी चढू देत नसे, म्हणून ही वेगळी विहीर खोदलेली. तालुका कचेरीतला खेमसिंग दर महिन्याला यायचा, वाकून माझा आकडा मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "वाहवा! भर उन्हाळ्यात एवढं पाणी!" मी फुगून जायचे. पण बाकीचे दिवस? ना घागर, ना दोर, ना बायकांच्या गप्पा. एकटीला दिवस खायला उठायचा.

वस्तीने दुसरी विहीर मागितली, तेव्हा कचेरीने माझाच आकडा दाखवून अर्ज परत केला. पाणी तर भरपूर आहे म्हणे!

मग विमलताई नावाच्या ग्रामसेविका वस्तीत राहायला आल्या. त्यांनी विहिरीशेजारीच चूल मांडली आणि इथल्या पाण्यात तुरीची डाळ चढवली. दुपार कलली, तरी दाणा टणकच. शेजारच्या हंसाबाईंना हसू आवरेना.

"ताई, लाकडं कायले जाळता? या खाऱ्या पाण्यात डाळ शिजली असती, तं आमी पाण्यासाठी नाल्यात झिरे काहून उकरले असते?"

"मग विहीर एवढी भरलेली कशी?"

"कोणी उपसतच नाही, तं भरलेलीच राहीन ना!"

अगं बाई! माझी सगळी शान ती एवढीच होती.

विमलताई घरोघर फिरल्या. कोण कुठलं पाणी आणतं, ते कशाला वापरतं, सगळं विचारलं. खेमसिंगच्या आकड्यांशेजारी बायकांचं बोलणं मांडलं, तेव्हा कुठे कचेरीला पटलं. वस्तीच्या वरच्या अंगाला नवी विहीर खोदली, गोडं पाणी लागलं. हंसाबाईंच्या वरणाच्या फोडणीचा वास इथवर आला. मला आनंद झाला, खरंच झाला. रडूही आलं. कारण आता खेमसिंगही येत नाही. मोजायचं तरी कशाला?

मित्रांनो, पाणी जरूर मोजा. पण ते कोण पितं, कोण पीत नाही आणि का, हेही विचारा. आणि कधी इकडे आलात, तर वाकून माझा आकडा वाचा. त्याचा उपयोग काहीच नाही. पण जरा मोठ्याने वाचा.