जप्त डफड्याची दवंडी

मी एक जुनं डफडं आहे, मित्रांनो. कालपर्यंत तालुक्याच्या एका कचेरीत, दप्तरखोलीतल्या खिळ्याला टांगलेलो होतो. गळ्यात सुतळी, सुतळीला 'जप्त माल' अशी चिठ्ठी. एका बाजूला कुणाची तरी कढई होती, दुसऱ्या बाजूला पाळणा. त्या पाळण्यातलं मूल एव्हाना मतदान करत असेल. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे. सगळे आपापल्या तारखेची वाट पाहत.

माझा जन्म नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या एका लहान गावात झाला. लाकडी कडं सुताराने दिलं आणि कातडं लाखांदूरच्या बाजारातून आणलेल्या एका बोकडाने. या बोकडाने जिवंतपणी शाळेत शिरून नकाशावरचा निम्मा आशिया खाल्ला होता. शिक्षणाशी माझा संबंध असा जन्माआधीचा, आणि तेव्हापासूनच अंगलट येणारा.

माझा मालक दादाजी गावचा कोतवाल. नोटीस आली की घरोघरी पोचवायची, हुकूम आला की गल्लोगल्ली ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. दवंडीआधी तो तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाळ करून मला शेकायचा. कातडं ताणलं की टिचकी मारून म्हणायचा, "बोल बाप्पा." मग मी बोलायचो. टोचणीवाले डॉक्टर येणार, तलावातली मासोळी निघणार. लोक हसत बाहेर यायचे.

पुढे पुढे सरकारकडे सांगण्यासारखं एकच उरलं. थकबाकी, जप्ती, लिलाव. माझा आवाज आला की बाया भांडी विहिरीत सोडू लागल्या. एकाने घाईघाईत नवी सायकल सोडली. ती अजून तिथेच आहे.

चौऱ्याहत्तर साली दादाजीचा मुलगा भोजराज मॅट्रिक झाला. कॉलेजासाठी त्याला सरकारी कर्ज मिळालं. शिकायचं, आणि नोकरी लागली की फेडायचं. जामीन म्हणून दादाजीने अंगठा दिला. त्या दिवशी कोणाचा हुकूम नसताना त्याने मला शेकलं आणि गावभर वाजवलं. "माह्या पोट्ट्यावर सरकारनं भरोसा ठेवला हो!"

भोजराज भंडाऱ्याला शिकला, बी.ए. झाला आणि नोकरी शोधू लागला. नोकरी त्याला चांगली ओळखत असावी. तो दुरून दिसला की ती दुसऱ्याच्या घरात शिरायची.

ऐंशीच्या पुढे नोटिसा यायला लागल्या. आता नोटीस पोचवणारा कोतवाल आणि नोटीस घेणारा जामीन एकच माणूस. पण दादाजी नियमाचा पक्का. त्याने टोपी घातली, घराबाहेर गेला आणि कडी वाजवली.

"दादाजी कोतवाल हायेत का घरी?"

"नाही जी, भायेर गेले," आतून त्याची बायको चंद्रभागाबाई म्हणाली. "सोताले शोधाले."

"चंद्रभागे, सरकारी काम हाय. मस्करी नोको करू."

मग तो आत आला, टोपी काढली, अंगठा लावला, टोपी घातली आणि पोच घेऊन निघून गेला. खुंटीवर मला हसूच येणार होतं. पण टोपी काढलेल्या दादाजीचा चेहरा दिसला आणि माझं कातडं पावसाळा नसताना सैल पडलं.

नोटिसा संपल्या तेव्हा पाळी माझी आली. लिलाव घराच्या सागवानी दाराचा होता. त्या घरात विकण्यासारखं तेवढंच होतं. दाराच्या आत मातीच्या दोन खोल्या आणि एक शेळी, दाराच्या बाहेर जंगल. आणि दवंडी दिल्याशिवाय लिलाव करायचा नाही, असा नियम.

दादाजीने मला शेकलं. 'बोल बाप्पा' म्हणाला नाही.

"ऐका हो ऐका! परवा सकाळी लिलाव हाय!"

"कोणाच्या घरी, दादाजी?" ओट्यावरून गिरजाबाईने विचारलं.

"माह्या."

ती हसली. मग हसायची थांबली. पुढच्या गल्लीत कोणीच काही विचारलं नाही. आम्ही पोचायच्या आधीच दारं लागत गेली.

लिलावाला वसुली कारकून यादोराव आले. दारावर थाप मारून म्हणाले, "पक्का माल हाय. बोला."

कोणी बोललं नाही. दादाजीने मला वाजवलं. तरी कोणी बोललं नाही.

"मंग दार काढून नेतो," यादोराव म्हणाले.

"न्या ना भाऊ," चंद्रभागाबाई म्हणाली. "बिबट्या आला त त्याले तुमचाच पत्ता देईन. दार तिकडं हाय, तिकडं जाय म्हणीन."

यादोरावांनी जंगलाकडे पाहिलं. दार काही एस्टीत मावणारं नव्हतं, आणि रिकाम्या हाताने परतलं तर साहेब फाडून खाणार. त्यांनी दादाजीच्या गळ्यातून मलाच काढून घेतलं. म्हणाले, "दार पुढच्या लिलावाले. तारीख दवंडीनं कळवू."

डफडं जप्त केल्यावर दवंडी कशाने देणार, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. कचेरीत दर वर्षी एकच शेरा पडत गेला, 'दवंडीअभावी लिलाव तहकूब.' व्याज तहकूब नव्हतं. ते बिचारं रोज कामावर जात होतं.

लोक म्हणाले, दादाजी सुटला. पण गावातली माणसं कचेरीत येत, खिडकीपाशी बोलत, ते मला ऐकू येई. दादाजी आता दाराला कडी लावत नाही म्हणे. "सरकारचं दार हाय, आपण कसं लावाचं?" एका सकाळी शेळी दिसली नाही. तेव्हापासून तो काठी घेऊन उंबऱ्यातच आडवा झोपतो. दार आहे, आणि दाराच्या जागी म्हातारा आहे.

यंदा, सत्त्याऐंशी साली, वसुलीत नवा कारकून आला. हंगामी. मार्चअखेर सगळ्यात जुनी फाईल निकाली काढली तर कायम, नाहीतर घरी. त्याने ती फाईल उघडली, जामिनाचं नाव वाचलं आणि मिटली. मग माझ्यापाशी आला, चिठ्ठी वाचली, सदऱ्याच्या टोकाने माझी धूळ पुसली. अगदी दादाजीसारखी. नोकरीने अखेर भोजराजला गाठलं होतं.

"साहेब, हे फाईल दुसऱ्या कोणाले देता काय?"

"काहून?"

"जामीन माहे बाबा हायेत. कर्ज माहंच हाय."

"मंग त घर शोधाची गरज नाही. उद्याच जाय."

"माह्या पगारातून कापा ना, साहेब."

"पगारातून कापाले कायम पाह्यजे."

"कायम कधी करान?"

"फाईल निकाली निघाली का."

आज सकाळी एस्टीत त्याने मला मांडीवर घेतलं. गावाच्या शिवेवर तणीस पेटवून शेकलं. शेकायची रीत तो विसरला नव्हता. मग टिचकी मारली, आणि माझ्या कातड्यावर वाजवायची पहिली काडी पडली.

ओट्यावर गिरजाबाई होती. तिला आता दिसत नाही.

"कोणाच्या घरी, दादाजी?"

"माह्या," भोजराज म्हणाला.

"अजूनबी?"

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा, असं शेवटी सांगायचं मी ठरवलं होतं. ते राहू द्या. मला ओल लागू द्या. उंदरांना खाऊ द्या. जपायचंच असेल तर कोणाच्या तरी भरवशावर अंगठा देणाऱ्या माणसाला जपा. माझा आवाज आला तर दारं लावून घेऊ नका, बाहेर या. वाजवणाऱ्याला ते हवं असतं.

समोर ते दार सताड उघडं आहे. उंबऱ्यात आडवा झालेला म्हातारा माझा आवाज ओळखून उठून बसला आहे, आणि चाचपडत टोपी शोधतो आहे.